पाहणें, शिकणें आणि आठवणें



शाळेंत आपण इतिहास शिकतों, भूगोल शिकतों, गणित शिकतों. परंतु ज्या मनानें हे सर्व विषय शिकावयाचे, त्या मनाची ओळख करून देणारा तास आपल्या वेळापत्रकांत नसतो. शेतकरी पेरणीपूर्वीं जमिनीचा पोत पाहतो, सुतार रंधा मारण्यापूर्वीं लाकडाच्या रेषा पाहतो. विद्यार्थी मात्र आपल्या मनाचे धर्म जाणून न घेतांच वर्षानुवर्षें त्याजकडून काम घेत असतो. याचा परिणाम परीक्षेच्या दिवसांत दिसून येतो. "रात्रीं सर्व येत होतें, पण प्रश्नपत्रिका हातीं पडतांच कांहींच आठवेना," अशी तक्रार दर वर्षीं घरोघर ऐकूं येते. मुलगा रडकुंडीस येतो आणि वडील निकाल देऊन मोकळे होतात, "याला डोकेंच नाहीं."

हा निकाल कितपत खरा आहे, हें पाहण्यासाठीं हा पाठ लिहिला आहे. मन कसें पाहतें, कसें शिकतें व कसें आठवतें, याचा प्रयोगांनीं शोध घेणाऱ्या शास्त्रास मानसशास्त्र म्हणतात. विल्हेल्म वुंट या जर्मन पंडितानें १८७९ सालीं लाइपझिग येथें या शास्त्राची प्रयोगशाळा उघडली. आपल्या देशांत १९१६ सालीं कलकत्ता विद्यापीठांत व १९५० सालीं पुणें विद्यापीठांत या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला. म्हणजे शास्त्र तसें तरुण आहे. परंतु विद्यार्थ्याच्या कामीं येतील अशा कांहीं गोष्टी त्यानें पक्क्या सिद्ध केल्या आहेत.

१. पाहणें

मराठींत 'दिसणें' आणि 'पाहणें' अशीं दोन निराळीं क्रियापदें आहेत. तसेंच 'ऐकूं येणें' आणि 'ऐकणें'. आपल्या पूर्वजांनीं बोलतां बोलतां केलेला हा भेद मानसशास्त्रांत फार महत्त्वाचा आहे. डोळ्यांत प्रकाश शिरला किंवा कानाच्या पडद्यावर नाद आदळला, म्हणजे मेंदूकडे जो निरोप जातो त्यापासून संवेदना होते. त्या संवेदनेचा अर्थ लागून 'हा घोडा', 'ही घंटा' असें जें ज्ञान होतें, तें प्रत्यक्षज्ञान. संवेदना बाहेरून येते. अर्थ मात्र मनास आपल्या पूर्वानुभवांतून लावावा लागतो.

चांदवडच्या बाजारांत कांद्याचा ढीग पडला म्हणजे शहरांतून आलेल्या पाहुण्यास लाल रंगाची एक रास दिसते. त्याच राशींत जाणत्या शेतकऱ्यास किंवा व्यापाऱ्यास जाड मानेचा कांदा, जोडकांदा, डेंगळ्याचा कांदा, पत्ती सुटलेला कांदा असे सर्व प्रकार एका दृष्टिक्षेपांत वेगवेगळे दिसतात. दोघांच्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश सारखाच. फरक आहे तो वर्षानुवर्षांच्या परिचयाचा. ज्याला अधिक ठाऊक आहे त्याला अधिक दिसतें.

मनाची ही अर्थ लावण्याची सवय कधीं कधीं आपणांस फसवितेहि. पावसाची सर येऊन गेली कीं हवा धुऊन निघते. अशा वेळीं सातमाळ्याच्या रांगेंतील इंद्राई, राजधेर, कोळधेर हे डोंगर हात पुढें केला तर लागतील इतके जवळ भासतात. तेच डोंगर वैशाखांतल्या धुरकट हवेंत मागें सरकल्यासारखे दिसतात. डोंगर तर जागचे हलले नाहींत. स्पष्ट दिसतें तें जवळ आणि अस्पष्ट दिसतें तें दूर, असा नियम मनानें लहानपणापासून करून ठेवलेला असतो. तो बहुधा खरा ठरतो, म्हणून मन त्याच्यावर विसंबतें. आणि म्हणूनच हवा बदलली कीं तें फसतें. अंधारांत पडलेल्या दोरीस साप समजून दचकणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आपल्या वेदान्त्यांनीं शेंकडों वर्षांपूर्वीं दिला, त्याचेंहि मर्म हेंच आहे. दोरी डोळ्यांस दिसली. साप मात्र भीतीनें आणून ठेवला.

वाचन हाहि प्रत्यक्षज्ञानाचाच प्रकार होय. जुन्या वळणाचा 'ख' हा 'र' व 'व' हीं अक्षरें शेजारीं लिहिल्यासारखा दिसे. तरी 'पाहुणे रवाना झाले' येथें कोणी 'खाना' वाचीत नसे आणि 'खाना तयार आहे' येथें कोणी 'रवाना' वाचीत नसे. कारण वाक्याचा अर्थ डोळ्यास वाट दाखवीत असे. येथील रंगमहाल ज्यांच्या नांवानें ओळखला जातो, त्या अहिल्याबाई होळकरांच्या काळचे (१७२५–१७९५) मराठी कागद मोडी लिपींत लिहिलेले असत. मोडींत आधीं लांबच लांब रेघ ओढून तिच्याखालीं अक्षरें एकामागून एक लिहीत. दोन शब्दांमध्यें जागा सोडीत नसत, ऱ्हस्वदीर्घाचा भेदहि बहुधा पाळीत नसत. शब्द कोठें तोडावा हें वाचणाऱ्यानेंच ठरवावयाचें. म्हणून ज्यास त्या काळचीं पदें, गांवांचीं नांवें व पत्रव्यवहाराची रीत ठाऊक आहे, तोच असा कागद सरळ वाचूं शकतो. ज्यास केवळ अक्षरें ठाऊक आहेत तो अडखळतो. पाठ्यपुस्तकाचेंहि तसेंच आहे. धडा कशाविषयीं आहे हें ज्याला आधीं कळलें आहे, त्याला त्यांतील प्रत्येक वाक्य निराळें व अर्थपूर्ण दिसतें. इतरांस नुसत्या ओळी दिसतात.

याशिवाय अवधान म्हणून एक अट आहे. १९९९ सालीं अमेरिकेंत सायमन्स व शाब्री या दोघां संशोधकांनीं प्रेक्षकांस चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंचें एक चित्रण दाखविलें आणि चेंडू किती वेळां दिला जातो तें मोजावयास सांगितलें. मध्येंच गोरिलाचा वेष केलेली एक व्यक्ति त्या खेळाडूंमधून संथपणें चालत गेली. सुमारें निम्म्या प्रेक्षकांनीं ती पाहिलीच नाहीं. त्यांचे डोळे उघडे होते, परंतु अवधान दुसरीकडे होतें. वर्गांत डोळे फळ्याकडे आणि मन मैदानाकडे ठेवून बसणाऱ्या विद्यार्थ्यानें या प्रयोगाचा विचार करावा.

पालकांसहि येथें एक सूचना करणें अवश्य आहे. मनानें अर्थ लावण्यापूर्वीं संवेदना तरी नीट पोंचली पाहिजे. फळ्यावरील अक्षर ज्याला पुसट दिसतें किंवा शिक्षकांचा शब्द ज्याला अर्धवट ऐकूं येतो, त्या मुलास आपल्याला कमी दिसतें हें ठाऊकहि नसतें. सर्वांस असेंच दिसत असावें, असें तो समजतो. मुलाला मठ्ठ ठरविण्यापूर्वीं त्याचे डोळे व कान तपासून घ्यावेत.

२. शिकणें

अनुभवामुळें किंवा सरावामुळें वागण्यांत जो टिकाऊ बदल होतो, त्यास मानसशास्त्रांत शिकणें म्हणतात. या व्याख्येंत पुस्तकाचा उल्लेख नाहीं, हें ध्यानांत घ्या. पाठीला डबा बांधून विहिरींत हातपाय मारणारा मुलगा शिकत असतो आणि अंधाऱ्या खोलींत जावयास भिण्याची सवय लागलेला मुलगाहि शिकलेलाच असतो. शिकण्याच्या तीन रीती मुख्य आहेत.

पहिली रीत प्रयत्न करीत, चुकत चुकत शिकण्याची. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन पंडितानें १८९८ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेलेलें मांजर पेटींत कोंडून त्यानें बाहेर खाद्य ठेविलें. कळ दाबली कीं दार उघडे. मांजर प्रथम ओरबाडी, चावी, धडपडे. शेवटीं कळ चुकून दाबली जाई व सुटका होई. पुनःपुन्हां तसें केल्यावर निरुपयोगी धडपड गळत गेली आणि अखेर मांजर पेटींत जातांच कळ दाबूं लागलें. ज्या कृतीचें फळ सुखकर, ती टिकते. पोहणें, सायकल चालविणें, सुवाच्य लिहिणें या गोष्टी बऱ्याच अंशीं याच वाटेनें येतात. त्या व्याख्यान ऐकून येत नाहींत. येथें चूक हा शिकण्याचा भागच असतो.

दुसरी रीत उमज पडून शिकण्याची. वोल्फगांग क्योलर या शास्त्रज्ञानें तेनेरीफ बेटावर चिंपांझी वानरांवर केलेले प्रयोग १९१७ सालीं प्रसिद्ध झाले. उंच टांगलेलीं केळीं उड्या मारूनहि मिळेनात, तेव्हां वानरानें पेटी ओढून केळ्यांखालीं आणली व तिच्यावर चढून तीं काढलीं. परिस्थितींतील संबंध एकदम ध्यानांत आला कीं शंभर धडपडींचें काम एका क्षणांत होतें. भूमितींतील प्रमेय याच रीतीनें शिकावयाचें असतें. तें घोकणारा विद्यार्थी आकृतींतील अक्षरें बदललीं कीं हतबल होतो.

तिसरी रीत साहचर्याची. रशियाचा शरीरशास्त्रज्ञ इव्हान पाव्लॉव्ह यास १९०४ सालीं पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. कुत्र्यांवर प्रयोग करतांना त्यास असें आढळलें कीं, खाणें देण्यापूर्वीं ठराविक खूण वारंवार केली, तर पुढें केवळ त्या खुणेनेंच कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटतें. मधल्या सुट्टीची घंटा ऐकून आपल्यालाहि भूक लागते, ती याच नियमानें.

परंतु जसें अन्नाचें, तसेंच भीतीचें. १९२० सालीं वॉटसन व रेनर यांनीं एका तान्ह्या मुलास पांढरा उंदीर दाखवून त्याच वेळीं मोठा आवाज करण्याचा प्रयोग केला. थोड्याच वेळांत, ज्या उंदरास तो आधीं भीत नव्हता, त्यास पाहतांच तो रडूं लागला. असा निर्दय प्रयोग आज कोणी करूं देणार नाहीं. तथापि त्याचाच प्रकार घरांत नकळत होत असतो. गणिताचें पुस्तक उघडलें कीं ओरडा आणि पाढा चुकला कीं चपराक, असें ज्या मुलाच्या वांट्यास येतें, तो मुलगा कांहींच शिकत नाहीं असें नव्हे. तो पुस्तक व भीति यांची सांगड शिकतो. पुढें मारणारें कोणी जवळ नसलें तरी पुस्तक पाहतांच त्याची छाती धडधडते, आणि धडधडत्या छातीनें आंकडेमोड होत नाहीं. शाळेंत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें बंदी केली, तिच्यामागें दयेइतकेंच शास्त्रहि आहे.

मुलांच्या कित्येक चुका मंद बुद्धीच्या नसून विषयाच्या अवघडपणाच्या असतात. २३ हा आंकडा लिहितांना आपण आधीं दोन व मग तीन लिहितों. म्हणतांना मात्र 'तेवीस', म्हणजे तीन आधीं व वीस मागाहून. एकोणतिसाची तऱ्हा तर याहून निराळी. तेथें तिसांतून एक उणा करावयाचा. मराठी मुलगा २३ चे ३२ लिहितो तेव्हां तो निष्काळजी असतोच असें नाहीं. कानाची आज्ञा व डोळ्याची आज्ञा यांत तो सांपडलेला असतो. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'वीस तीन' अशा धर्तीचें संख्यावाचन सुचविण्यांत आलें, तेव्हां महाराष्ट्रांत मोठा वाद झाला. त्या वादांत कोणाचीहि बाजू घ्या. पण अडचण खरी आहे आणि ती मुलानें निर्माण केलेली नाहीं, एवढें तरी मान्य करावें लागतें.

जुन्या पंतोजींच्या शाळेंत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचेहि पाढे पाठ करवीत. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर असलेल्या व्यवहारांत त्यांचा मोठा उपयोग होता. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं व पुढें वजनमापेंहि दशमान झालीं, तेव्हां त्यांचें कारण उरलें नाहीं. पण पाठ करण्यामागील तत्त्व अजून खरें आहे. पाढा जिभेवर असला म्हणजे मन उदाहरणाचा विचार करण्यास मोकळें राहतें. मात्र पाठ करण्याची एक खोड आहे. 'सात आठे किती?' असें विचारतांच पुष्कळ मुलें 'सात एके सात' पासून आरंभ करतात. कारण त्यांच्या मनांत पाढ्याची साखळी झालेली असते. मागची कडी ओढल्याशिवाय पुढची येत नाहीं. यास उपाय एकच, पाढा क्रमानें तयार झाल्यावर तो मध्येंच कोठूनहि विचारावा.

वेदपाठकांस ही खोड फार पूर्वीं कळली होती, असें त्यांच्या पाठपद्धतीवरून वाटतें. ते संहिता सरळ म्हणून थांबत नाहींत. जटापाठांत पहिलें व दुसरें पद म्हणावयाचें, मग दुसरें व पहिलें, मग पुन्हां पहिलें व दुसरें. घनपाठांत हीच गुंफण तीन पदांपर्यंत वाढते. अशा रीतीनें उलटसुलट म्हटल्यावर जीभ सवयीनें धांवूं शकत नाहीं. प्रत्येक पद सावधपणें म्हणावें लागतें व चूक तत्काळ उघडी पडते. नाशकासारख्या क्षेत्रांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या परंपरेस २००३ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या मौखिक वारशांत मानाचें स्थान दिलें.

३. आठवणें

आठवणीचे तीन टप्पे आहेत. प्रथम ग्रहण, म्हणजे मनांत घेणें. नंतर धारणा, म्हणजे धरून ठेवणें. आणि शेवटीं स्मरण, म्हणजे हवें तेव्हां बाहेर काढणें. अन्नंभट्टानें तर्कसंग्रहांत, केवळ संस्कारापासून उत्पन्न होणाऱ्या ज्ञानास स्मृति म्हटलें आहे. अनुभव निघून जातो, परंतु मागें संस्कार ठेवून जातो, ही कल्पना आधुनिक शास्त्रासहि जवळची आहे.

ग्रहणाची मर्यादा लहान आहे. १९५६ सालीं जॉर्ज मिलर यानें असें दाखविलें कीं, मन एका वेळीं सुमारें सात सुट्या वस्तूंच धरूं शकतें. परंतु सुट्या वस्तूंचे अर्थपूर्ण गट केले तर तेवढ्याच जागेंत पुष्कळ अधिक मावतें. दहा आंकडी दूरध्वनि-क्रमांक आपण गट पाडून म्हणतों, तो याच कारणानें.

विसरण्याचें पहिलें शास्त्रीय मोजमाप हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानें केलें. त्यानें दुसऱ्या कोणास वेठीस धरलें नाहीं. वर्षानुवर्षें स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ सालीं ते ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. पूर्वीच्या अर्थाची मदत होऊं नये म्हणून त्यानें सुमारें २३०० निरर्थक अक्षरगट बनविले. त्यांच्या माळा पाठ करावयाच्या व कांहीं काळानें पुन्हां पाठ करून किती श्रम वांचले तें मोजावयाचें. एका तासानें निम्म्याहून कमी श्रम वांचले, एका दिवसानें सुमारें एकतृतीयांश, आणि एका महिन्यानें सुमारें एकपंचमांश. म्हणजे विस्मरणाचा मोठा ओघ पहिल्या तासांतच वाहून जातो. पुढें तो संथ होतो. आज शिकविलेला धडा आजच एकदां आठवून पाहण्याचें महत्त्व यांत आहे.

त्याचा दुसरा शोध विद्यार्थ्यांनीं सुवर्णाक्षरांनीं लिहून ठेवण्यासारखा आहे. बारा गटांची माळ एकाच दिवशीं ६८ वेळां म्हटली असतां दुसऱ्या दिवशीं जितका लाभ झाला, तितकाच लाभ तीन दिवसांत वांटून केवळ ३८ वेळां म्हटल्यानें झाला. परीक्षेच्या आदल्या रात्रीं सहा तास बसणारा विद्यार्थी आळशी नसतो. तो तेच श्रम अधिक महाग विकत घेत असतो.

अर्थ, ताल आणि प्रसंग यांची सोबत असली कीं धारणेस मोठें बळ येतें. आपल्या शेजारच्या खानदेशांतील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांस लिहितांवाचतां येत नव्हतें. शेतांत व जात्यावर सुचलेलीं त्यांचीं गाणीं त्यांच्या मुलानें, कवि सोपानदेवांनीं, व एका आप्तानें टिपून ठेविलीं म्हणून १९५२ सालीं तीं महाराष्ट्रास मिळालीं. महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून संशोधकांनीं एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. त्या म्हणणाऱ्या बायांपैकीं पुष्कळजणींनीं पाटीला हात लावला नव्हता. जात्याची घरघर, ओवीचा ठेका आणि सासर-माहेरचा अर्थ हींच त्यांचीं पुस्तकें होतीं. जातीं थांबलीं तसें तें गाणेंहि मावळूं लागलें. जेथें शिकलें तेथेंच अधिक आठवतें, हें १९७५ सालीं गॉडन व बॅडली यांनीं पाणबुड्यांवर प्रयोग करून दाखविलें. पाण्याखालीं पाठ केलेले शब्द पाण्याखालींच अधिक आठवले, कांठावर पाठ केलेले कांठावर. म्हणून एकाच कोपऱ्यांत, एकाच लयींत धडा घोकण्यापेक्षां तो निरनिराळ्या जागीं व निरनिराळ्या प्रश्नांनीं आठवून पाहावा.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांस त्यांच्या आईनें, लक्ष्मीबाईंनीं, प्रवासांत तोंडीच संस्कृत शिकविलें. भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांस मुखोद्गत होते, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. परंतु रमाबाईंची थोरवी या संख्येंत नाहीं. त्या पाठांतरावर थांबल्या नाहींत; व्याकरण समजून घेतलें, कलकत्त्याच्या पंडितांच्या प्रश्नांस उत्तरें देऊन १८७८ सालीं 'सरस्वती' ही पदवी मिळविली, आणि पुढें प्रौढ वयांत हिब्रू व ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबलाचें मराठी भाषांतर केलें. पाठांतर, समज व उपयोग या तिन्हींची जोड जमली म्हणजे विद्या कशी फळते, याचें हें उदाहरण आहे.

आतां आरंभींच्या तक्रारीकडे वळूं. "रात्रीं सर्व येत होतें", हें मूल खोटें बोलत नसतें. मग सकाळीं तें गेलें कोठें? याचें उत्तर 'ओळखणें' आणि 'आठवणें' यांच्या भेदांत आहे. रस्त्यांत भेटलेला मनुष्य आपण ओळखतों, पण त्याचें नांव आठवत नाहीं. हा अनुभव सर्वांचा आहे. समोर आलेली वस्तु पूर्वीं पाहिलेली आहे असें वाटणें ही प्रत्यभिज्ञा, म्हणजे ओळख, ती सोपी. समोर कांहींच नसतां मनांतून बाहेर काढणें हें स्मरण, तें अवघड. धडा पांचव्यांदां वाचला कीं प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, वाचन सुरळीत होतें, आणि विद्यार्थ्यास वाटतें कीं आपल्याला धडा आला. वस्तुतः त्याची धड्याशीं ओळख झालेली असते. परीक्षा बहुधा स्मरणाची असते, आणि त्याचा सराव त्यानें एकदांहि केलेला नसतो.

१९१७ सालीं आर्थर गेट्स यानें अमेरिकेंतील शाळकरी मुलांवर प्रयोग करून असें दाखविलें कीं, अभ्यासाचा मोठा भाग वाचण्यांत न घालवितां न पाहतां म्हणून पाहण्यांत घालविणारीं मुलें अधिक लक्षांत ठेवतात. २००६ सालीं रोडिगर व कार्पिक यांनीं तेंच अधिक कांटेकोरपणें दाखविलें. विद्यार्थ्यांच्या एका गटानें उतारा पुन्हां वाचला. दुसऱ्यानें तो न पाहतां आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां वाचणारे पुढें होते. एका आठवड्यानें घेतली तेव्हां आठवून लिहिणारांनीं सुमारें ५६ टक्के सांगितलें व वाचणारांनीं सुमारें ४२ टक्के. घोकणाऱ्या विद्यार्थ्यास आपली पद्धत उत्तम कां वाटते, याचा उलगडा या पांच मिनिटांत होतो. ती तात्काळ यश देते आणि मग दगा देते.

आपली भाषा या कामास 'उजळणी' म्हणते, हें किती यथार्थ आहे! पितळेचें भांडें फडताळांत नुसतें पाहिल्यानें उजळत नाहीं. तें खालीं काढून घासावें लागतें. आठवणीचेंहि तसेंच आहे. प्रत्येक वेळीं ती बाहेर काढली कीं अधिक पक्की होते. मात्र घासतांना भांड्याचा आकार बदलत नाहीं, आठवणीचा बदलतो. केंब्रिजचा फ्रेडरिक बार्टलेट यानें १९३२ सालीं आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, परकी गोष्ट पुनःपुन्हां सांगतांना माणसें तिच्यांतील अनोळखी भाग गाळतात व आपल्या परिचयाचा भाग नकळत घालतात. म्हणून आठवून लिहिल्यावर पुस्तक उघडून ताडून पाहणें अवश्य आहे.

स्मरणशक्ति वाढविण्याचें कांहीं औषध आहे काय, असें पालक विचारतात. १९८० सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथें सांगतों. एका अमेरिकन विद्यार्थ्यास ऐकलेले आंकडे क्रमानें म्हणण्याचा सराव दिला. आरंभीं त्यास सातच आंकडे म्हणतां येत. सुमारें वीस महिन्यांच्या सरावानें तो ७९ आंकडे म्हणूं लागला. तो शर्यतींत धांवणारा होता, म्हणून आंकड्यांचे गट करून त्यांस तो शर्यतीच्या वेळा कल्पीत असे. पण आंकड्यांऐवजीं अक्षरें दिलीं तेव्हां तो सहांवर आला! त्याची शक्ति वाढली नव्हती, युक्ति वाढली होती. बाटलींतल्या औषधानें युक्ति येत नाहीं. मात्र झोंपेचा उपयोग निश्चित आहे. १९२४ सालीं जेंकिन्स व डालेनबाख यांनीं दाखविलें कीं, पाठ केल्यावर झोंपलेला मनुष्य तितकाच वेळ जागें राहिलेल्या मनुष्यापेक्षां कमी विसरतो. परीक्षेच्या रात्रीं जागरण करणें म्हणजे कमावलेलें गमावणें होय.

४. अभ्यासाचे नियम

वरील विवेचनांतून निघणारे नियम थोडक्यांत देतों.

(१) धडा वाचण्यापूर्वीं मथळे पाहून मनाशीं दोन-तीन प्रश्न तयार करावेत. प्रश्न घेऊन वाचणाऱ्यास अधिक दिसतें.

(२) एकदां नीट समजून वाचल्यावर पुस्तक मिटावें आणि काय आठवतें तें कोऱ्या कागदावर लिहावें. मग ताडून पाहावें.

(३) त्याच धड्याकडे दुसऱ्या दिवशीं, चार दिवसांनीं व पंधरा दिवसांनीं पुन्हां यावें. दर वेळीं आधीं आठवावें, मग पाहावें.

(४) सुट्या गोष्टींचे गट करावेत. सनावळी घटनांच्या साखळीला जोडावी.

(५) पाठ केलेलें मध्येंच कोठूनहि विचारून घ्यावें.

(६) रात्रीं पुरेशी झोंप घ्यावी.

५. पालकांस दोन शब्द

आल्फ्रेड बिने या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९०५ सालीं बुद्धिमापनाच्या कसोट्या तयार केल्या, त्या कोणावर मठ्ठपणाचा शिक्का मारण्यासाठीं नव्हत. कोणत्या मुलांस अधिक मदत हवी, हें शोधण्यासाठीं होत्या. बुद्धि कायमची ठरलेली असते व ती वाढत नाहीं, या मताचा त्यानें पुढें स्पष्ट निषेध केला. आपल्याकडे धारवाडास व्ही. व्ही. कामत यांनीं त्या कसोट्यांचें कानडी व मराठी रूपांतर करून मुलांस त्यांच्याच भाषेंत तपासलें. त्यांचा ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. मुलास काय येतें हें समजून घ्यावयाचें तर त्याला त्याच्या भाषेंत व त्याला भीति वाटणार नाहीं अशा रीतीनें विचारलें पाहिजे, हा धडा त्यांत आहे.

आपण स्वतः शिकलेले नसलां तरी मुलाच्या अभ्यासास मदत करूं शकतां. सायंकाळीं त्याचें पुस्तक आपल्या हातीं घेऊन एवढेंच म्हणावें, "आज काय शिकलास, तें मला सांग." आपल्याला वाचतां न आलें तरी चालेल, सांगण्याचें काम त्याचें आहे, आणि सांगतांना जें स्मरण घडतें तेंच त्याच्या कामीं येणार आहे. तो अडला तर रागावूं नये. अडलेल्या जागीं त्यानें पुन्हां पुस्तक उघडावें, म्हणजे झालें.

घरीं करून पाहण्याचे प्रयोग

(अ) पौर्णिमेस चंद्र उगवतांच हात लांब करून एखादें लहान नाणें त्याच्यासमोर धरा. तोच प्रयोग चंद्र डोक्यावर आल्यावर करा. चंद्र खरोखर लहान झाला कीं तसा भासला, तें ठरवा.

(आ) एकाच कवितेचीं दोन कडवीं घ्या. एक केवळ दहा वेळां वाचा. दुसरें चार वेळां वाचून सहा वेळां न पाहतां म्हणण्याचा प्रयत्न करा, अडलां तरच पाहा. आठ दिवसांनीं दोन्ही लिहून पाहा व चुका मोजा.

(इ) वीस शब्दांची एक यादी घरांतील कोणास एकदां वाचून दाखवा व आठवतील ते सांगावयास सांगा. नंतर दुसरे वीस शब्द भाज्या, भांडीं, जनावरें व गांवें असे गट पाडून वाचा. कोणते अधिक आठवले?

हे प्रयोग करून जें आढळेल तें वहींत तारीख घालून लिहून ठेवावें. आपल्या मनाचे धर्म दुसऱ्याच्या पुस्तकांतून कळतात त्याहून अधिक आपल्या वहींतून कळतात. आणि ज्या विद्यार्थ्यास ते कळले, तो पुढल्या परीक्षेच्या आदल्या रात्रीं वेळेवर निजेल.